भोवऱ्याची कूळकथा

एका राज्यात शब्दांनाही कूळ असे. तुमच्याआमच्याकडे कूळ विचारतात ते माणसांचे. तिथे शब्दांचेही विचारत. कोणता शब्द कोणाच्या घरी जन्मला, कोणाच्या अंगणात वाढला, त्याचे भाऊबंद कोण, हे सारे ताडपत्रांवर लिहून एका दगडी कोठीत ठेवलेले होते. शब्द लोहारांचा ठरला की सणाच्या दिवशी त्या शब्दाचा विडा लोहारांना मिळे. गवळ्यांचा ठरला की गवळ्यांना. विडा तो केवढा, दोन पानांचा! पण त्या दोन पानांवर गावेच्या गावे वर्षभर ताठ मानेने चालत.

या कोठीचा अधिकारी होता मुद्गल. त्याला शब्दपाल म्हणत. चाळीस हजार शब्द त्याला मुखोद्गत होते. त्याचा बाप शब्दपाल, आजा शब्दपाल, पणजाही शब्दपाल. आणि चार पिढ्यांत या घराण्याने भर दरबारात 'ठाऊक नाही' असे कधी म्हटले नव्हते. भाटांनी या गोष्टीचे कवन रचले होते, आणि मुद्गलाला ते जेवताना ऐकायला आवडे. पुढचा सारा घोळ झाला तो या एका आवडीपायी.

एके दिवशी राजा मणिकेतू दरबारात बसला होता. त्याची सात वर्षांची मुलगी मृगाक्षी भोवरा खेळत खेळत सिंहासनापाशी आली. फरशीवर भोवरा गुणगुणत होता. तिने तो तळहातावर उचलून घेतला आणि मुद्गलाला विचारले,

"शब्दपाल, हा भोवरा. आपल्या नदीच्या डोहात पाणी गरगरते, तोही भोवरा. माझ्या टाळूवर केस वळलेत, त्यालाही दाई भोवराच म्हणते. तिघांना एकच नाव कसे पडले?"

प्रश्न लहान होता. मुद्गलाने एक घटका मागून घेतली, कोठीत गेला, शिडी लावली आणि त्या शब्दाचे पान काढले. पान कुठले! वाळवीने सगळे फस्त केले होते. हाती आली नुसती दोरी आणि चिमूटभर माती. कोठीत एक पिंजरा होता, त्यात शब्दपालांच्या घराण्यातली जुनी बोलकी साळुंकी. तिने ते पाहिले. मुद्गलाने तिला पाहिले. तेवढ्यात बाहेर भाटाने खाकरून घसा साफ केला.

मुद्गलाने पेरूची एक फोड पिंजऱ्यात टाकली आणि दरबारात परतला.

तिथे त्याने काय सांगितले, ऐका. म्हणाला, महाराजांच्या घराण्याचे मूळपुरुष भोवरसेन महाराज यांनी डोहातल्या दैत्याचा पाय धरून त्याला सात वेळा गरगर फिरवले आणि मारले. तेव्हापासून डोहातल्या पाण्याला त्यांचे नाव पडले, ते पाहून मुलांच्या खेळण्याला पडले, आणि त्यांचे तेज माणसांच्या टाळूवर उतरले म्हणून केसांनाही पडले. कथा छान जमली होती. सांगता सांगता त्याची त्यालाही आवडली. दरबाराने माना डोलावल्या, राजा प्रसन्न झाला आणि मृगाक्षीने दैत्याचे नाव काय होते असे विचारले, तर मुद्गलाने तेही सांगितले. एकदा जीभ सैल सुटली की तिला थांबा कुठे आणि मुक्काम कुठे.

आता शब्द राजकुळाचा ठरला, तर डोहही राजकुळाचा ठरला. आणि डोहाच्या घाटावर तर सात पिढ्या नावाडी राहत होते. भोवऱ्याच्या कडेकडेने नाव कशी काढायची, हे त्या राज्यात त्यांनाच येई. भोवऱ्याचा विडाही आजवर त्यांचाच होता. राजाज्ञा झाली, शिपाई आले आणि नावाड्यांना घाटावरून उठवले. बायकांनी मुले घेतली, पुरुषांनी नावा डोक्यावर घेतल्या, आणि दूरच्या खडकाळ माळावर, जिथे ओंजळभर पाणी नाही, तिथे ते चालत गेले. डोक्यावर नावा घेतलेली ती रांग मुद्गलाने कोठीच्या खिडकीतून पाहिली. त्याने खिडकी लावून घेतली. शब्दाला हजार अर्थ असतात, एखादी कथा इकडची तिकडे झाली तर काय बिघडले, असे तो मनाशी म्हणाला. आणि त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही.

घाटावर भोवरसेनाच्या कथेचा तांब्याचा लेख बसवायचा सोहळा झाला. शंभर माणसे जमली होती. लेख बसला, अक्षता पडल्या, मुद्गल हात धुवायला पाण्याशी वाकला. त्या राज्यातल्या खोल पाण्यात आसरा, म्हणजे जलदेवता, राहत. त्या बोलत, तेव्हा कोणाला नवल वाटत नसे. पण या वेळी शंभरांपैकी ऐकू गेले ते एकट्या मुद्गलाला.

"शब्दपाल," आसरा पाण्यातून म्हणाली, "तू माझ्या शब्दाला खोटे आईबाप चिकटवलेस. मी तो शब्द घेऊन जाते, आणि त्याच्याबरोबर या राज्यातले सगळे वळणही. ज्यांच्या तोंडी तो रोज नांदतो त्या तिघांकडे जा. त्याचे खरे कूळ घेऊन ये. मग जे बोलायचे ते सर्वांसमोर बोल."

पाणी गरगरायचे थांबले. डोह ताटासारखा सपाट झाला.

दुसऱ्या दिवसापासून राज्यात एकेक गोष्ट सरळ होऊ लागली. गोगलगायींचे शंख उलगडले, त्या उघड्या अंगाने पानांखाली लपून बसल्या. वेलींचे ताणे काठीसारखे ताठ झाले आणि मांडवावरून वेली धपाधप खाली आल्या. देवळातला शंख सरळ होऊन नळी झाला, पुजाऱ्याने फुंकले तर नुसता वारा. दोरीला पीळ बसेना. बायकांच्या अंबाड्याला वळसा राहीना. सोऱ्यातून चकली पाडावी तर काड्या पडत. राजाचे पागोटे तर वळायलाच तयार होईना. शेवटी राजा बोडक्या डोक्याने दरबारात आला, आणि प्रजेला प्रथमच कळले की महाराजांना टक्कल आहे. लोक खाली बघून हसू दाबत. मुद्गलाला मात्र कशाचेच हसू येत नव्हते. जे जे सरळ होई ते ते जणू बोट होऊन त्याच्याकडे रोखलेले असे.

तिसऱ्या दिवशी मृगाक्षी वळेनाशी झाली.

सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर पडली आणि चालू लागली. समोर भिंत आली, तर भिंत बाजूला सरली. वाडा संपला, वेस संपली, ती चालतच राहिली. टाळूवरचा भोवरा नाहीसा होऊन केस सरळ रेषेत मागे गेले होते. उचलून उलटी ठेवली तर ती पाठमोरी चाले, पण त्याच दिशेने. धरून थांबवली तर तिचा श्वास थांबे. मग राजाने तिला धरणे सोडून दिले, आणि तो तिच्यावर छत्र धरून शेजारून चालू लागला. ती चालता चालता खाई, चालता चालता झोपे. ज्योतिष्यांनी रेघ मारून पाहिली. ती रेघ गिधाडकड्यावरून जात होती, आणि त्या पावलांनी कडा नवव्या दिवशी येत होता.

हे का झाले, ते अख्ख्या राज्यात एका माणसाला ठाऊक होते. मुद्गलाने वेशीपाशी तिला गाठले. ती त्याच्याकडे मान वळवू शकत नव्हती, म्हणून समोर बघतच म्हणाली, "शब्दपाल, मी वाईट प्रश्न विचारला होता का?"

धरणीने दुभंगून पोटात घ्यावे, असे माणसे उगाच म्हणत नाहीत. मुद्गलाने त्या क्षणी पायांखालच्या मातीकडे खरोखर आशेने पाहिले. पण माती काही दुभंगली नाही.

तो कोठीत आला आणि पिंजऱ्याचे दार उघडले. साळुंकी त्याच्या खांद्यावर येऊन बसली.

"निघायचे?" ती म्हणाली. "मीही पेरू खाल्ला आणि गप्प बसले. मलाही झोप लागत नाही."

मुद्गल आधी गेला तो कान्हू कातारी याच्याकडे. हा सागाच्या रानात राही, दोरीने लाकूड फिरवून त्यातून भोवरे कातून काढी, आणि राज्यातली सगळी मुले त्याचेच भोवरे खेळत. आता त्याच्यासमोर हजार भोवरे ढीग घालून पडले होते आणि एकही फिरत नव्हता. मुद्गलाने आपले काम सांगितले. नाव मात्र सांगितले नाही.

कान्हू म्हणाला, "या ढिगात मी लहानपणी केलेला पहिला भोवरा आहे. तो ओळखलात तर शब्दाचे कूळ सांगतो. चूक मात्र महाग पडेल."

मुद्गलाला हे सोपे वाटले. त्याने ढीग चाळला, लाकडाचा रंग पाहिला, टोकाच्या खिळ्याची, आरीची, बैठक पाहिली, कान्हूच्या हाताची ठेवण सांगितली आणि एक देखणा, गुळगुळीत भोवरा काढून दिला. तो नव्हता. मुद्गलाच्या तोंडातून दहा हजार शब्द पाकोळ्या होऊन उडाले आणि रानात गेले. त्याने पुन्हा तर्क केला, आणखी सुबक भोवरा उचलला. तोही नव्हता, आणखी दहा हजार गेले. तिसऱ्यांदाही तसेच झाले. आता त्याच्याजवळ दहाच हजार उरले होते, आणि 'कपाळ' हा शब्द आठवेना म्हणून तो नुसता हात लावून बसला.

साळुंकी म्हणाली, "विचारून पाहा."

चाळीस वर्षांत या माणसाने कोणाला काही विचारले नव्हते. सांगायची सवय, विचारायची नाही. त्याची मान खाली गेली, आणि मोठ्या कष्टाने तो म्हणाला, "आपणच दाखवा."

कान्हूने ढिगातला सगळ्यांत वाकडा, एका अंगाला फुगलेला भोवरा उचलला. "पहिला कधी धड होतो का, पंडित?" तो म्हणाला. "तुम्ही नुसते चांगले चांगले उचलत राहिलात." मग त्याने सांगितले ते एवढेच, की आमच्यात फिरण्याला भोवणे म्हणतात, लाकूड भोवते म्हणून तो भोवरा, यात सांगण्यासारखे काय आहे, घरातले शेंबडे पोरही सांगेल.

मुद्गल रानाबाहेर आला. त्याची बायको दर उपासाला 'भोवळ येते हो' म्हणून भिंतीला टेकत असे. घराच्या भोवताली त्यानेच कुंपण घातले होते. भोवळ, भोवताल, भोवती, सगळे शब्द त्याच्या चाळीस हजारांत होते, आणि त्याने ते कधी एकापाशी एक ठेवून पाहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बरे, वळसा तरी स्वतःच्या पायांनी घातला असता. याने तो घालायला लावला नावाड्यांना.

दुसरी होती धोंडाई सुईण. ढग पाणी प्यायला उतरतात त्या डोंगरावर ती राही. एकशे वीस वर्षांची होती आणि अर्ध्या राज्याच्या टाळूला पहिला हात तिचा लागलेला. मुद्गल पोहोचला तेव्हा तिच्या खोपटात एक बाळ जन्मत होते. धोंडाईने त्याला दाराबाहेर पाणी तापवायला बसवले. पंडिताने आयुष्यात प्रथमच चूल फुंकली आणि डोळे भरून आले तरी फुंकत राहिला. बाळ आले. टाळू कोरी होती, केस सरळ होते. धोंडाई मुद्गलाला आत घेऊन गेली आणि बाळंतिणीला म्हणाली, हे दरबारचे पंडित आहेत, यांनाच विचार.

आईने विचारले, "माझ्या बाळाचे असे का झाले?"

मुद्गल म्हणाला, ग्रहांचा दोष असावा. तसे बाळ रडत होते ते रडतच राहिले, पण त्याचा आवाज बंद झाला. मुद्गल घाबरून म्हणाला, दैवगती विचित्र असते, माई. तसे बाळाने मुठी सोडल्या. आई बाळाकडे पाहत होती, धोंडाई मुद्गलाकडे पाहत होती. तिला सगळे दिसत होते, असे त्याला वाटले. आणि तसेच होते.

"माई," तो म्हणाला, "कारण मला ठाऊक आहे. पण सांगायची हिंमत होत नाही."

बाळाने टाहो फोडला. त्या रडण्याने खोपट भरले आणि आई हसली.

"अर्धे तरी खरे बोललास," धोंडाई म्हणाली. "अर्ध्याला मी अर्धेच देते. पोर पोटात गोल फिरते, तसे त्याचे केसही टाळूपाशी भोवत येतात. एक भोवरा असतो, कोणाला दोन असतात. दोन असले की दोन लग्ने, असे म्हणून आम्ही बाया हसतो. नाव फिरण्याचे आहे, बाबा. कोण्या राजाचे नाही. बाकीचे अर्धे तुझे तू शोध."

डोंगर उतरताना एक भुंगा त्याच्या कानापाशी घोंघावत राहिला. राज्यातले वळण गेल्यापासून तोही बिचारा सरळ जाई, आपटे आणि तसाच उलटा फेकला जाई. मुद्गल त्याला पाहत उभा राहिला. उरलेल्या दहा हजारांत एक जुना पोथीतला शब्द होता, भ्रमर. भ्रमण करतो तो भ्रमर, घिरट्या घालणारा भुंगा. पोथीतला तोच भ्रमर लोकांच्या तोंडी झिजत झिजत घरोघर भोवरा झाला होता. कूळ सापडले. इतके सरळ, इतके साधे, इतके सुंदर होते ते, की दैत्य मारणाऱ्या राजाची कथा त्यापुढे भडक रंगाच्या चिंधीसारखी वाटावी. मुद्गल रस्त्याच्या कडेला बसून रडला. माहीत नव्हते म्हणून नव्हे. माहीत करून घेणे इतके सोपे होते म्हणून.

साळुंकी म्हणाली, "आज सातवा दिवस. माळावर जायचे राहिले आहे."

"तिकडे जायलाच हवे का? कूळ तर सापडले," मुद्गल म्हणाला.

साळुंकी उडून पुढच्या झाडावर बसली. तो उठला आणि माळाच्या वाटेला लागला.

माळावर नावा उपड्या घालून, खाली दगड लावून नावाड्यांनी घरे केली होती. मासे सुकवायच्या दोऱ्यांवर काहीच नव्हते. नावाड्यांची प्रमुख येसाक्का एका नावेच्या सावलीत बसली होती. तिने ना कोडे घातले, ना अट घातली. तिने मुद्गलाला ओळखले, उठून उभी राहिली आणि नावेखालची एक मोकळी जागा दाखवली.

"इथं माझा बाप निजायचा," ती म्हणाली. "नऊ वर्षांचा असल्यापासून डोहात वल्हं मारत होता. आठ दिवसांखाली गेला. डोहाचं ओंजळभर पाणी मागत होता. माळावर कुठून आणू? बसा तिथं, पंडित, आणि सांगा, राजाला ते कोणी सांगितलं?"

मुद्गल त्या जागेपाशी बसला. जमिनीवर अजून अंगाचा खळगा होता.

"मी," तो म्हणाला. "पान वाळवीने खाल्ले होते. मला ठाऊक नव्हते. तसे सांगायची लाज वाटली, म्हणून मी कथा रचली."

"एवढ्याचसाठी?" येसाक्का म्हणाली.

तिने शिवी दिली असती तर त्याला सोसली असती. हे सोसले नाही. तो जमिनीवर कपाळ टेकून राहिला, आणि उडून गेलेला तो शब्द त्याला तेव्हा आठवला.

मग येसाक्काने आपला वाटा सांगितला. पाणी भोवतं, म्हणून तो भोवरा. नाव त्याच्या मध्यावर घातली तर बुडते, आणि भिऊन लांब पळवली तर काठाच्या खडकावर फुटते. त्याच्या कडेने, त्याच्याबरोबर अर्धे फिरून मग सुटायचे असते. आमच्या घाटावर येऊन एक शब्द विचारला असतात, पंडित, तर वल्हं न थांबवता सांगितलं असतं. एवढे बोलून तिने पदर खोचला. "चला. मी येते. सर्वांसमोर बोलाल ते मला ऐकायचं आहे."

नवव्या दिवशी दोघे गिधाडकड्यावर पोहोचले. सारे राज्य तिथे जमले होते, आणि कोणाला काही करता येत नव्हते. मृगाक्षी चालत येत होती. तिची पायताणे कधीच फाटली होती. राजा शेजारून छत्र धरून चालत होता. कड्याच्या टोकापर्यंत शंभर पावले उरली होती.

मुद्गल पुढे झाला. येसाक्का मागे उभी होती, खांद्यावर साळुंकी होती, आणि भाटही गर्दीत होते. भाटांना पाहिले आणि त्याची जीभ जुन्या वाटेला लागली. खणखणीत आवाजात तो म्हणाला, "महाराज, आनंदाची वार्ता आहे! एका जुन्या पोथीत नवा पुरावा सापडला. भोवरा हा शब्द भोवण्यापासून आला, पोथीतल्या भ्रमरापासून आला. पूर्वीची कथा लेखनिकाच्या दोषाने झाली असावी."

शब्दाचे कूळ खरे होते. त्यात काडीचे खोटे नव्हते. लोकांनी श्वास रोखून मुलीकडे पाहिले.

मृगाक्षी चालतच राहिली.

साठ पावले उरली. मुद्गलाने मागे वळून पाहिले. येसाक्काने मान फिरवली होती. माळावर, एका मेलेल्या माणसाच्या जागेपाशी जे तो एकट्या तिला बोलला होता, ते साऱ्या राज्यापुढे त्याने पुन्हा गिळले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत एका मुलीचा जीव होता आणि तो अजूनही मूठ झाकतच होता. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती. तीस पावले उरली.

तो मुलीच्या वाटेत जाऊन गुडघ्यांवर बसला, म्हणजे तिला मान न वळवता तो दिसावा.

"राजकन्ये," तो म्हणाला, "तुझा प्रश्न चांगला होता. मला उत्तर ठाऊक नव्हते. भोवरसेन नावाचा कोणी राजा झाला नाही. ते मी रचले. कोणा लेखनिकाचा दोष नाही, माझा आहे. नावाडी माझ्यामुळे घाटावरून उठले. येसाक्काचे वडील माझ्यामुळे तहानलेले गेले. तू माझ्यामुळे चालते आहेस. मला ठाऊक नव्हते, आणि मी तसे म्हटले नाही."

गर्दीतून एक आवाज उमटला. हसण्याचा नव्हता आणि रागाचाही नव्हता. मृगाक्षीच्या टाळूवर केस हलले, गोल फिरले आणि बसले. तिने मान वळवून बापाकडे पाहिले. पण पाय? पाय पुढेच पडत होते. मुद्गलाला ओलांडून ती गेली. बारा पावले उरली.

मुद्गलाजवळचे सगळे देऊन झाले होते.

तेव्हा राजाच्या हातून छत्र गळले.

"मला ठाऊक होते," राजा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की भालदारांनाही ऐकू आला नाही, म्हणून त्याला पुन्हा मोठ्याने बोलावे लागले. "आमची वंशावळ मला लहानपणी पाठ करायला लावली होती. तीत भोवरसेन नाही. शब्दपालाने पहिले वाक्य उच्चारले तेव्हाच मला कळले. पण पूर्वज दैत्य मारणारा निघाला, डोह आपला निघाला, मला बरे वाटले. मी माझ्या हाताने माणसे घराबाहेर काढली. मृगाक्षी, बाळा, मला ठाऊक होते."

तीन पावले उरली होती. कड्याखालून वारा वर येत होता. मुलीचा एक पाय उचलला गेला, तसाच हवेत राहिला. मग ती त्या एका पायावर गर्रकन फिरली, फिरत फिरत तीन गिरक्या घेतल्या आणि बापाच्या अंगावर पडली.

"बाबा, भोवळ आली," ती म्हणाली.

त्याच घटकेस डोहातले पाणी गरगरले. शंख वळले, वेली वळल्या, दोऱ्यांना पीळ बसला. सोऱ्याशी बसलेल्या एका बाईची चकली इतकी सुरेख पडली की तिने ती तळलीच नाही, दोन दिवस नुसती लोकांना दाखवली. तांब्याचा लेख उतरला. नावाडी पुन्हा डोक्यावर नावा घेऊन घाटावर उतरले, आणि या वेळी पहिल्या नावेचे पुढचे टोक राजाच्या खांद्यावर होते. भोवऱ्याचा विडा नावाड्यांना, काताऱ्यांना आणि सुइणींना, असा तिघांत वाटला गेला. राज्य पूर्ववत झाले.

मुद्गलाने शिक्षा मागितली. राजा म्हणाला, मी तुला कोणत्या तोंडाने शिक्षा देऊ, येसाक्काला विचार. मुद्गल घाटावर गेला. वडिलांच्या नावाने काही करावे, दान द्यावे, लेख कोरावा, असे त्याच्या मनात होते. तो तसे म्हणालाही.

येसाक्का नावेतले पाणी उपसत होती. "दान नको," ती म्हणाली. "लेख तर मुळीच नको. तुमची कोठी पलीकडच्या तीराला न्या, आणि रोज सकाळी माझ्या नावेतून जा, चार लोकांत बसून. लोक तुमच्याकडे बघतील, आपसांत बोलतील. बघू द्या. बोलू द्या."

दुसऱ्या सकाळी मुद्गल नावेत चढला. भाजीवाल्या होत्या, दोन कुंभार होते, कडेवर पोर घेतलेली एक बाई होती. सगळे बोलायचे थांबले. त्याला कुठे बघावे ते कळेना. तीस हजार शब्द गेले ते गेलेच होते, आणि जे उरले त्यांतला एकही कामाचा नव्हता. नाव सुटली, भोवऱ्याच्या कडेला आली, त्याच्याबरोबर अर्धी फिरली. कडेवरच्या पोराने पाण्याकडे बोट दाखवून आईला हे काय म्हणून विचारले. आईने मुद्गलाकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले.

मुद्गलाचे कान तापले, मान खाली गेली. पण उत्तर त्याने दिले नाही. वल्ह्यापाशी बसलेल्या येसाक्काकडे तो वळला आणि म्हणाला, "तुम्ही सांगा."

येसाक्काने वल्हे न थांबवता सांगितले. सांगून झाल्यावर तिने पायाने एक टोपली बाजूला सारली आणि मुद्गलाला म्हणाली, "इकडं सरकून बसा. तिथं पाणी उडतं."

शाप त्या राज्याचा असा फिटला. मुद्गल मात्र म्हातारा होईतो त्या नावेतून जात राहिला, आणि लोक त्याच्याकडे बघत राहिले. पुढे पुढे, शेजारी बसणाऱ्याकडे माणूस बघतो, तसे.